दहा लाख पुड्यांचा एक टन

गेल्या महिन्यात एक आठवडा मी घरातलं प्लास्टिक बाहेर टाकलंच नाही. गॅलरीत एक गोणी अडकवली आणि जे निघेल ते त्यात टाकत गेलो. निमित्त होतं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका व्हिडिओचं. यंत्राच्या एका तोंडातून प्लास्टिकच्या पिशव्या आत गेल्या, दुसरीकडच्या नळातून पिवळसर तेल आलं, एकाने ते दुचाकीच्या टाकीत ओतून किक मारली, आणि टाळ्या. खाली ओळ : ‘सरकार हे का करत नाही?’ तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असे व्हिडिओ माझ्याकडे हमखास येतात. हा सहा जणांनी पाठवला, त्यात दोन माजी विद्यार्थी.

असल्या बातम्यांचा आपल्याला जुना शौक आहे. 1996 साली तमिळनाडूतल्या रामर पिल्लईने झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं तेव्हा अर्धा देश हरखला होता. पुढे ती हातचलाखी निघाली आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यामुळे ‘कचऱ्यातून तेल’ म्हटलं की काही जण लगेच नाक मुरडतात. पण प्लास्टिकचं प्रकरण तसं नाही. इथलं रसायन खरं आहे आणि त्याला पाठ्यपुस्तकाचा आधार आहे. घोटाळा रसायनात नसून हिशेबात आहे.

आधी रसायन. पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब माळ. डिझेल म्हणजे तसलीच माळ, फक्त आखूड. बंद भांड्यात, हवा लागू न देता पॉलिथिन चारशे-साडेचारशे अंशांपर्यंत तापवलं की माळ तुटते. बारीक तुकड्यांचा गॅस होतो, मधल्यांचं तेल, मोठ्यांचं मेण, आणि तळाशी काळी भुकटी उरते. निघालेला गॅस भट्टी तापवायला परत वापरता येतो. याला पायरोलिसिस म्हणतात. मुळात प्लास्टिक हे नाफ्था (खनिज तेलातून निघणारा एक घटक) आणि नैसर्गिक वायूपासूनच बनतं, त्यामुळे त्याचं पुन्हा तेल होण्यात नवल काहीच नाही. जमिनीतून तेल काढायचं, त्याची पिशवी करायची, ती दहा मिनिटं वापरायची, मग पुन्हा तिचं तेल करायचं. आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

महाराष्ट्राने या बाबतीत बरीच लवकर उडी घेतली. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांचं काम या शतकाच्या सुरुवातीलाच देशभर गाजलं आणि बुटीबोरीत त्यांचा प्रकल्प उभा राहिला. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरातल्या प्रेशर कुकरवर प्रयोग सुरू करून पुढे जेजुरीजवळ यंत्र बसवलं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने 2019 च्या ऑगस्टमध्ये दिवसाला एक टन प्लास्टिक घेणारा प्रकल्प सुरू केला. एका टनापासून सुमारे 800 लिटर डिझेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ‘का करत नाही?’ या प्रश्नाला उत्तर आहे : करतात, वीस वर्षांपासून करतात. मग गावोगावी ही यंत्रं धडधडत का नाहीत, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला माझ्या गोणीत मिळालं.

रविवारी कचऱ्याच्या मावशी आल्या तेव्हा मी गोणी त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ओतली. दुधाच्या चौदा पिशव्या, दोन कुरिअरची पाकिटं, पाण्याची एक बाटली, श्रीखंडाचा डबा, वेफर्स आणि बिस्किटांची वेष्टनं, शाम्पूच्या आठ-नऊ पुड्या, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, टूथपेस्टची एक ट्यूब आणि कोपऱ्यावरच्या पोळी-भाजीवाल्याकडची एक तेलकट पिशवी. सगळं मिळून अर्धा किलोही भरलं नाही. मावशींना ते निवडायला मिनिटही लागलं नाही. त्या बघत नाहीत, चुरगळतात, आणि आवाजावरून ओळखतात. मऊ, मुकी ती दुधाची पिशवी. कुरकुरणारं ते वेगळं. दुधाच्या पिशव्या, बाटली (तिला त्या ‘बिसलेरी’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो), डबा आणि कुरिअरची पाकिटं त्यांच्या पिशवीत गेली. बाकीचा ढीग त्यांनी माझ्याकडे सरकवला.

‘‘काका, हे कशाला साठवलं? ह्याला कोण हात लावणार?’’

मावशींनी उचललेल्यातली बाटली सोडली, तर उरलेलं सगळं म्हणजे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन : तेल काढण्यासाठी सर्वांत उत्तम माल. बाटली ‘पेट’ नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची. ती भट्टीला नको असते, पण तिचा धागा होतो, म्हणून भंगारवाल्याला हवी असते. आणि मावशींनी सोडलेला ढीग? शाम्पूची पुडी म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या प्लास्टिकचे पापुद्रे आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. गोळ्यांची पट्टी बहुतेक वेळा पीव्हीसी या प्लास्टिकची. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. ते तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि भट्टीचं पोलाद खाऊ लागते. पेट गेलं तर नळ्यांमध्ये पांढरट आम्लाची पूड साचते आणि नळ्या तुंबतात. भंगारवाला ज्याला पैसे देतो तेच यंत्राला आवडतं. आणि भंगारवाला ज्याला लाथाडतो ते यंत्रालाही सहसा नीट पचत नाही.

व्हिडिओत हे कधीच दिसत नाही. तिथे आत जाणाऱ्या पिशव्या स्वच्छ, कोरड्या, एकजात पांढऱ्या असतात. अशा पिशव्यांचं तेल करायचं कशाला? त्यांचे दाणे होतात, दाण्यांच्या पुन्हा बादल्या, पाइप, ताडपत्र्या होतात. त्या धंद्यावर लाखो लोकांचं पोट आहे. चांगल्या मालाचं तेल करणं म्हणजे सागाचं लाकूड बंबात घालणं.

बंबावरून आठवलं, आपल्या रस्त्यांवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स हे पीव्हीसीचंच कापड असतं. नगरपालिकेने ‘सगळं प्लास्टिक आणा’ म्हणून मोहीम काढली आणि कुणी उत्साहाने दहा भाऊ-दादांचे फ्लेक्स भट्टीत टाकले, तर भाऊ-दादा यंत्राचे बारा वाजवूनच बाहेर पडतील.

मी एका लहान गावात असं यंत्र पाहिलंय. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांची नियत चांगली होती. फीत कापली, पेढे वाटले, वर्तमानपत्रात फोटो आला. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं होतं, टाकीवर गंजाचे ओघळ, शेजारी भिजलेल्या प्लास्टिकच्या गाठोड्यांवर कुत्री झोपलेली. एका कर्मचाऱ्याने कपाटातून बाटली काढून दाखवली. त्यांनी शेवटी काढलेलं तेल, चहाच्या रंगाचं, नाकाला झोंबणाऱ्या वासाचं. तळाशी बोटभर मेण गोठलं होतं. थंडीत सगळंच साखळतं म्हणाला. यंत्र मोडलं नव्हतं. माल येत नव्हता. जो येत होता तो ओला आणि मातीने, खरकट्याने माखलेला. वाळवायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, निवडायला माणूस नाही. त्या भट्टीतून प्लास्टिकपेक्षा पाण्याचीच वाफ जास्त निघाली असणार.

दिवसाला एक टन प्लास्टिक खाणारं यंत्र तसं लहानच म्हणायचं. पण शाम्पूची रिकामी पुडी एक ग्रॅमची धरली तर एका टनात दहा लाख पुड्या होतात. रोज दहा लाख पुड्या कोण वेचणार, कुठून, किती पगारावर? तेल काढण्याचा खर्च हा खरा खर्च नाहीच. गोळा करणं, निवडणं, वाळवणं, वाहून आणणं यात पैसा जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. जेजुरीच्या प्रकल्पाचं मला कौतुक वाटतं ते त्यांच्या भट्टीपेक्षा त्यांच्या गोळा करण्याच्या पद्धतीचं. लोकांनी घरीच प्लास्टिक धुऊन, वाळवून, वेगळं ठेवावं याची सवय त्यांनी लावली. वर्तमानपत्रांत फोटो मात्र यंत्राचाच येतो.

इंधनाचा प्रश्न यातून सुटेल, ही समजूत तर सरळ आकड्यांनीच मोडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने 2020-21 मध्ये देशात सुमारे 41 लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. समजा, अगदी पुडीन् पुडी गोळा केली आणि डेहराडूनच्या दराने तेल काढलं, तर साधारण 26 लाख टन तेल होईल. देशाला वर्षाला लागणारं डिझेल सुमारे नऊ कोटी टन. म्हणजे शंभरातले तीन, तेही स्वप्नात. गेल्या काही वर्षांत ‘प्लास्टिकमधून ऊर्जास्वातंत्र्य’ वगैरे शब्द ऐकू येतात, त्यांना एवढं उत्तर पुरे. शिवाय हे तेल थेट गाडीत घालायचं नसतं. 2020 पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा या प्रदूषणाच्या मानकाचं इंधन आहे. त्याचे गंधकाचे, सिटेनचे (डिझेल किती सहज पेट घेतं त्याच्या मापाचे), गाळाचे निकष या कच्च्या तेलाला शुद्धीकरणाशिवाय झेपणारे नाहीत. बॉयलरला, भट्टीला ते चालतं. दुचाकीत ओतून किक मारणाऱ्याच्या इंजिनाचं पुढे काय झालं, हे व्हिडिओत दाखवलेलं नाही.

मग हे सगळं सोडून द्यावं का? नाही, आणि इथे माझे काही पर्यावरणवादी मित्र माझ्यावर रागावतात. त्यांचं म्हणणं असं की प्लास्टिकचं तेल करून जाळणं म्हणजे फेरफटका मारून प्लास्टिकच जाळणं. एक किलो पॉलिथिन शेवटी जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापेक्षा ते जमिनीत पुरलेलं बरं, निदान कार्बन तरी अडकून राहतो. कागदावर हे बरोबर आहे. पण आपल्याकडे ते नीट पुरलं जातं कुठे? लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतात वर्षाला 93 लाख टन प्लास्टिक उघड्यावर जातं किंवा उघड्यावर जाळलं जातं. सरकारी आकडा एकूण कचराच 41 लाख टन सांगतो, यावरून कोण काय मोजतं याचाही अंदाज येतो. पहाटे फिरायला जाणाऱ्याला अभ्यासाची गरज नाही; रस्ता झाडून झाला की कोपऱ्यात धूर दिसतोच. 2016 च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसली होती. तुलना करायचीच तर या धुराशी करायला हवी. त्या मानाने बंद भट्टीतलं, धूर पकडणारं, नीट चालवलेलं पायरोलिसिस हजार पटीने बरं.

‘नीट चालवलेलं’ यावर मात्र माझा जोर आहे, कारण जुन्या टायरांच्या बाबतीत आपण हा सिनेमा पाहिलाय. टायर तापवून तेल काढण्याचे कारखाने देशभर निघाले. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आलेल्या माहितीप्रमाणे 637 पैकी 270 कारखाने नियम पाळत नव्हते. पालघरच्या वाडा तालुक्यात या कारखान्यांच्या काजळीबद्दल आणि स्फोटांबद्दल लोकांची तक्रार आजही संपलेली नाही. तंत्र तेच, शब्द तेच, ‘कचऱ्यातून संपत्ती’. फक्त संपत्ती एकाच्या घरी गेली आणि काजळी दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली. प्लास्टिकच्या बाबतीत गल्लोगल्ली लहान भट्ट्यांना उत्तेजन द्यावं म्हणणाऱ्यांनी एकदा वाड्याला जाऊन यावं.

खरं तर कायद्याने याचं उत्तर आधीच दिलंय, आपण वाचत नाही एवढंच. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांना 2022 च्या फेब्रुवारीत उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं जोडली गेली. त्यात प्लास्टिकपासून तेल काढणं पुनर्चक्रणात धरलेलं नाही. सिमेंटच्या भट्टीत जाळणं आणि डांबरी रस्त्यात घालणं यांच्याबरोबर त्याला अखेरच्या विल्हेवाटीच्या रांगेत बसवलंय, आणि ज्याचं पुनर्चक्रण होऊच शकत नाही तेवढंच तिकडे पाठवा, असं म्हटलंय. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही स्मशानाची सोय आहे. स्मशान लागतंच, प्रत्येक गावाला लागतं. त्याला कारखाना म्हणून त्यातून नफ्याची वाट बघायला लागलो, की गणित बिघडतं.

एकदा हे मान्य केलं की पैशाचा प्रश्न सरळ होतो. स्मशानाचा खर्च कोणी करायचा? सध्या चित्र असं की नगरपालिकेने यंत्र घ्यायचं, वेचकांनी फुकट निवडायचं, आणि तेल विकून सगळं ‘स्वयंपूर्ण’ व्हायचं. स्वयंपूर्ण होत नाही, कारण होणारच नाही. पुडी विकणाऱ्याने पुडीच्या अंत्यसंस्काराचे पैसे द्यावेत, प्रत्येक किलोमागे, आणि ते निवडणाऱ्याच्या हातात पडावेत. मगच या भट्ट्या चालतील. उत्पादकांवर जबाबदारी कागदोपत्री आलीच आहे; पण ती ‘इतका कचरा हाताळला’ अशा प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीत फिरते, रस्त्यावरच्या मावशींपर्यंत पोचताना दिसत नाही. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे परताव्याची अट होती. माझ्या त्या चौदा पिशव्यांचे सात रुपये मला अजून कुणी विचारलेले नाहीत. गोव्याने 2024 मध्ये रिकामं वेष्टन आणून दिलं की त्यावरची अनामत परत देण्याची योजना अधिसूचित केली आहे; ती प्रत्यक्षात कशी उतरते यावर माझं लक्ष आहे. पुडीवर रुपया अनामत असती तर मावशींनी ती उचलली असती की नाही, तुम्हीच सांगा.

आणि तेलच काढायचं असेल तर शहरातल्या मिसळ कचऱ्याकडे कशाला जायचं? माझ्या मेहुण्याची नारायणगावकडे टोमॅटोची शेती आहे. एकरी मल्चिंग पेपरचे पाच-सहा रोल लागतात. पंचवीस मायक्रॉनचा चारशे मीटरचा रोल दहा-बारा किलोचा, म्हणजे एकराला पन्नास ते सत्तर किलो पॉलिथिन, सगळं एकाच जातीचं, एकाच जागी, एकाच आठवड्यात निघणारं. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला शेतावर येऊन नेतो. मल्चिंगला तो शिवत नाही. फाटलेलं असतं, उन्हाने पिठूळ झालेलं, मातीने जड. मेहुणा ते गोळा करून बांधावर पेटवतो, आणि जे गोळा होत नाही ते नांगराखाली जातं. पुढच्या हंगामात ढेकळांतून काळे तुकडे डोकावतात. त्याला मी म्हटलं, अरे जाळू नकोस. तो म्हणाला, ‘‘दाजी, मग ठेवू कुठं? तुमच्या गॅलरीत?’’

पायरोलिसिसला मालाची नरमी, जुनेपणा, फाटकेपणा याने फरक पडत नाही; माती आणि पाणी तेवढं झटकलं पाहिजे. दाणे करणाऱ्याला नको असलेलं, पण तेलवाल्याला चालणारं असं जे थोडं काही या जगात आहे, त्यात शेतातलं मल्चिंग पहिलं येतं. रोल विकणारा दुकानदार तालुक्याला बसलेला असतो. नवा रोल देताना जुना वजन करून परत घ्यायचा, त्याचे पैसे रोल बनवणाऱ्या कंपनीने भरायचे, आणि दोन-तीन तालुक्यांत मिळून एकच नीट देखरेखीखालची भट्टी. कोकणातून किंवा जुन्नरहून प्लास्टिक चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांपर्यंत ट्रकने नेण्यापेक्षा हे स्वस्तही पडावं. यात फीत कापण्यासारखं फारसं काही नाही, हे मान्य.

त्या रविवारी मावशींना मी तो व्हिडिओ दाखवला होता. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तो दोनदा पाहिला, दुचाकी सुरू झाली तेव्हा हसल्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही जे टाकून देता त्याचंही तेल निघतं म्हणतात. त्यांनी वर्तमानपत्रावरचा तो ढीग, पुड्या, पट्ट्या, ट्यूब, पायाने थोडा बाजूला केला आणि पिशवीला गाठ मारता मारता विचारलं, ‘‘मग तो मशीनवाला किलोला काय देतो?’’